धुऱ्यावरचे कुंपण आणि खर्चाची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोही (नीलगाय) आणि रानडुकरे यांच्यामुळे कुंपणाशिवाय पीक घरी आणणे कठीण झाले आहे. पण कुंपण धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर येते आणि धुरा दोघांचा असतो. त्यामुळे तार किती आणायची यापेक्षा पैसे कोणी किती द्यायचे यावरच काम अडते. एका हंगामाच्या नुकसानीपेक्षा धुऱ्याचे भांडण महाग पडते आणि ते पुढच्या पिढीलाही पुरते. म्हणून ही उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

शेजाऱ्याने अर्धा खर्च दिलाच पाहिजे, असा कायदा आहे का?

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्द ठरवणे, हद्दीचे वाद आणि हद्दीच्या खुणा यांबद्दल कलमे आहेत. कलम १४० प्रमाणे आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा शाबूत ठेवणे ही प्रत्येक जमीनधारकाची जबाबदारी आहे. पण हद्दीची खुण वेगळी आणि कुंपण वेगळे. धुरकऱ्याकडून, म्हणजे धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याकडून, कुंपणाचे अर्धे पैसे सक्तीने वसूल करून देणारे कलम या संहितेत नाही.

म्हणजे सगळे काम समजुतीवर चालते. मात्र समजूत कागदावर आली आणि दोघांच्या सह्या झाल्या की तो करार होतो, आणि कराराप्रमाणे ठरलेले पैसे मागता येतात. तोंडी बोलणे झाले, कुंपण उभे राहिले आणि मग एकाने हात वर केले, तर दुसऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून कागद पहिला खड्डा खणण्याआधी व्हायला हवा.

आधी मोजणी करायलाच हवी का? धुरा तर डोळ्यासमोर आहे.

डोळ्यासमोरचा धुरा आणि नकाशावरची हद्द एकच असतील असे धरून चालू नका. दरवर्षी नांगराचे एक-एक तास सरकत गेले की वीस-पंचवीस वर्षांत धुरा कित्येक हात इकडचा तिकडे होतो. काळ्या जमिनीत पुराच्या पाण्याने जुने दगड गाडले जातात, तेही कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा धुऱ्यावर सिमेंटचे खांब रोवले की चूक पक्की होते. पुढे कधी मोजणी निघालीच, तर खांब उपटण्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही भोगावे लागतात. शिवाय मुदतीच्या कायद्यात १२ वर्षांच्या प्रतिकूल ताब्याचा मुद्दा आहे, आणि जुने कुंपण दाखवून तो मांडला जातो.

दोघांनाही धुरा मान्य असेल, जुने हद्दीचे दगड जागेवर असतील आणि पूर्वीच्या मोजणीची ‘क’ प्रत (हद्द दाखवणारा नकाशा) हाताशी असेल, तर नव्या मोजणीशिवाय काम करता येते. यातले एक जरी नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सातबारा, ओळखपत्र आणि चारही बाजूंच्या धुरकऱ्यांची नावे-पत्ते लागतात. फी क्षेत्रफळावर आणि मोजणी नियमित हवी की द्रुतगती, यावर ठरते.

मोजणीच्या दिवशी तीन गोष्टी सांभाळा. पहिली, सगळ्या धुरकऱ्यांना नोटीस मिळाली आहे याची खात्री करा. गैरहजर शेजारी नंतर मोजणीच मानत नाही. दुसरी, खुणा दाखवल्या जातील तिथे लगेच रोवायला दगड तयार ठेवा. खडूची किंवा चुन्याची खुण पहिल्या वखरणीत जाते. तिसरी, प्रत्येक दगडाचा फोटो विहीर, मोठे झाड किंवा विजेचा खांब मागे येईल अशा बेताने काढा. दगड हलला तरी जागा सापडते.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी मागता येते. तिचा निकाल लागेपर्यंत खांब रोवू नका.

मोजणीचे पैसे कोणी द्यायचे?

कार्यालयाला अर्जदार देतो. पण हद्द दोघांची निश्चित होते, त्यामुळे हा खर्च निम्मा-निम्मा करणे आम्हाला सगळ्यात न्याय्य वाटते. कुंपणाचा खर्च कसाही वाटला तरी मोजणीचा निम्माच ठेवावा. ज्याने मोजणीचे पैसे दिले, त्याच्याच बाजूने मोजणी झाली, असा संशय त्यामुळे राहत नाही.

खर्च वाटण्याच्या कोणत्या रीती आहेत? कोणती बरी?

निम्मा-निम्मा ही सर्वांत सोपी रीत. दोघांची पिके सारखी, जनावरांचा त्रास सारखा आणि ऐपतही जवळपास सारखी असेल तर दुसरा विचारच करू नका. वाटणी सामाईक धुऱ्याच्या लांबीवर करायची, एकरावर नाही. एकाचे वावर वीस एकर आणि दुसऱ्याचे तीन एकर असले, तरी ६०० फुटांचा धुरा दोघांनाही ६०० फुटांचाच आहे.

दुसरी रीत लांबी वाटून घेण्याची. धुऱ्याच्या मध्यावर उभे राहायचे आणि दोघांनी एकमेकांकडे तोंड करायचे. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा येतो, तो त्याने बांधायचा आणि त्यानेच राखायचा. यात पैशाचा हिशोबच नाही. फक्त दोघांनी खांबाचे अंतर, तारेची जाडी आणि ओळींची संख्या आधी ठरवावी. एकाने दहा फुटांवर खांब रोवला आणि दुसऱ्याने पंधरावर, तर डुक्कर पंधराच्या बाजूनेच शिरते आणि नुकसान दोघांचे होते. उंचसखल किंवा मुरमाड भाग एकाच्याच वाट्याला येत असेल तर ही रीत सोडा, कारण मुरमात खड्डा खणायला दुप्पट मजुरी जाते.

तिसरी रीत गरजेप्रमाणे वाटण्याची. आमच्या मते विदर्भात जास्तीत जास्त ठिकाणी हीच चालते. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे एका बाजूला संत्र्याची बाग आणि दुसऱ्या बाजूला कोरडवाहू पऱ्हाटी (कापूस) असे चित्र नेहमीचे आहे. बागवाल्याला बारा महिने पाच फुटांची जाळी हवी असते, पऱ्हाटीवाल्याला जून ते फेब्रुवारी पाच ओळींची तार पुरते. मग हिशोब असा करायचा: साध्या तारेच्या कुंपणाचा जो खर्च येईल तो निम्मा-निम्मा, आणि त्यावरचा सगळा वाढीव खर्च ज्याला हवा त्याचा. रीत कळावी म्हणून आकडे धरू. साधे कुंपण ७२,००० रुपयांत होते आणि जाळीचे १,२०,००० रुपयांत. पऱ्हाटीवाला ३६,००० देईल, बागवाला ३६,००० अधिक ४८,००० असे ८४,००० देईल.

एकाकडे पैसा नसेल पण हात असतील, तर सामान एकाचे आणि मजुरी दुसऱ्याची असेही ठरवता येते. मात्र मजुरीची किंमत गावच्या चालू दराने आधीच लिहून ठेवा. ‘मी पंधरा दिवस राबलो’ आणि ‘सहाच दिवस आला होता’ हा वाद नंतर मिटत नाही. खड्डे मोजून दर ठरवला तर दिवस मोजावेच लागत नाहीत.

६०० फूट धुऱ्याला सामान किती लागते?

पाच ओळींच्या काटेरी तारेचा, ७ फुटी सिमेंट खांबांचा हिशोब धरू.

खांब दर १० फुटांवर, म्हणजे ६१. दोन्ही टोकांना एक-एक तिरपा टेका आणि मधे दर १०० फुटांवर दोन्ही बाजूंनी टेके, असे १२. एकूण खांब ७३. वाहतुकीत फुटतात म्हणून तीन-चार जास्त घ्या.

तार ५ ओळी × ६०० = ३,००० फूट. ताण, गाठी, वळसे यांसाठी ५ टक्के धरले की ३,१५० फूट, म्हणजे सुमारे ९६० मीटर. १२ गेजची मुख्य तार आणि १४ गेजचा काटा असेल तर किलोमागे साधारण ९ मीटर बसते, म्हणजे १०५ ते ११० किलो. दुकानदार किलोला १३-१४ मीटर बसणारी तार दाखवून ‘इतकी स्वस्त पडेल’ म्हणतो. ती १४ गेजची, म्हणजे बारीक असते. रोह्याने छातीने रेटली की तुटते. म्हणून किलोचा भाव विचारताना गेजही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जस्ताच्या मुलाम्याच्या काटेरी तारेचे भारतीय मानक आयएस २७८ आहे. बंडलवर ते आहे का पाहा.

बांधायची तार १४ गेजची, ३ किलो पुरते.

खड्डा १ फूट × १ फूट × २ फूट खोल. त्यात १:३:६ (सिमेंट, रेती, गिट्टी) प्रमाणात काँक्रीट घातले तर एका सिमेंट पोत्यात चार ते पाच खड्डे होतात. सगळे ७३ भरायचे तर १६ पोती सिमेंट, ६० घनफूट रेती, १२० घनफूट गिट्टी, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त रेती आणि सव्वा ब्रासच्या आसपास गिट्टी. पैसे कमी असतील तर टोकाचे, टेक्याचे आणि ज्यांना टेका दिला ते, असे १९ खड्डे तरी काँक्रीटचे करा (चार-पाच पोती), बाकीचे दगड-मुरमाने ठासून भरा.

ही यादी दोघांनी मिळून दुकानात न्यावी आणि दोन ठिकाणचे कोटेशन घ्यावे. एकट्याने आणलेल्या सामानाच्या भावावर दुसऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याचीही चूक नसते.

खांब एका वर्षात वाकले. ठेकेदाराने फसवले का?

कधी तसे असते, पण बहुतेक वेळा दोष जमीन न ओळखण्याचा असतो. भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. एप्रिलमध्ये खांबाच्या बुडाशी जाऊन पाहा: माती खांब सोडून मागे सरलेली असते आणि भेगेत आख्खे बोट जाते. तेव्हाच जनावराने रेटले की खांब कलतो आणि पहिल्या पावसात माती फुगून त्याला तसाच धरून ठेवते. अशा जमिनीत खड्डा दोन फुटांपेक्षा कमी नको. अडीच फूट असेल तर उत्तम, आणि त्यासाठी ८ फुटी खांब घ्या. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत खड्ड्यात टाकू नका. मुरूम आणि गोटे आणून ठासा.

कुंपण पडायला सुरुवात नेहमी टोकाच्या खांबापासून होते. पाच तारांचा सगळा ताण तिथे येतो. टेका नसला किंवा टेक्याचे बूड नुसते मातीवर ठेवले, तर टोकाचा खांब आत झुकतो आणि ६०० फुटांच्या पाचही तारा एकदम सैल पडतात.

खांब विकत घेतानाच तपासावा. आत चार सळया हव्यात आणि त्या कुठेही बाहेर दिसता कामा नयेत. उघड्या सळईला गंज चढतो आणि तो काँक्रीट फोडतो. दोन माणसांनी खांब टोकांना धरून उचलला की मधे बारीक आडवी भेग उमटत असेल, तर तो बाजूला काढा. असे खांब पुरते वाळण्याआधीच विकायला काढलेले असतात.

कुंपण धुऱ्याच्या मधोमध घ्यायचे की आपल्या बाजूला?

खर्च दोघांचा असेल तर मोजणीच्या रेषेवर घ्या. खर्च एकट्याचा असेल तर आपल्या हद्दीत, रेषेपासून दीड-दोन फूट आत. दीड फूट जागा जाते हे खरे, पण दुरुस्तीला शेजाऱ्याच्या पिकात उतरावे लागत नाही आणि कुंपण कोणाचे याबद्दल शंका राहत नाही. हद्दीचे दगड मात्र उघडे ठेवा. काँक्रीटखाली दगड गाडू नका.

दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट पट्टा नांगरायचा नाही हेही ठरवा. ट्रॅक्टरचे फाळ खांबाच्या बुडाशी गेले की वरचे काम कितीही पक्के असले तरी टिकत नाही.

शेजारी पैसे द्यायला तयार नाही. काय करावे?

आधी कारण विचारा. ‘नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचे कारण तीनपैकी एक असते: हद्दीबद्दल मनात शंका, हाती पैसा नसणे, किंवा त्याच्या वावरात नुकसानच होत नसणे. शंका मोजणीने जाते. पैसा नसेल तर कापूस किंवा तूर विकल्यावर द्यायची मुदत द्या. नुकसान होत नसेल तर गरजेप्रमाणे वाटणीची रीत मांडा. घरच्या मोठ्या माणसाला बरोबर नेऊन ‘काका, आपण आधी लाइन मोजून घेऊ, पैशाचे मग बोलू’ असे म्हटले की अर्धे काम होते. शेजारी त्यातच दोन दिवस विचार करतो, तेवढा वेळ द्यावा.

तरीही नाही म्हणाला तर आपल्या हद्दीत आपल्या पैशाने कुंपण करा. ते सर्वस्वी तुमचे. त्याला ते काढता येत नाही, त्यावर आपली तार बांधता येत नाही. कामाआधी त्याला साध्या पत्राने किंवा व्हॉट्सअॅपवर तारीख कळवा आणि सगळी बिले जपून ठेवा.

आज नाही म्हणाला आणि पाच वर्षांनी त्याच कुंपणाला आपले कुंपण जोडून घ्यायचे म्हणतो. किती मागावे?

उरलेल्या किमतीच्या निम्मे. सिमेंट खांब आणि चांगल्या तारेचे आयुष्य १५ वर्षे धरा. ७२,००० रुपयांच्या कुंपणाला पाच वर्षे झाली असतील तर दोन तृतीयांश आयुष्य बाकी, म्हणजे ४८,०००. त्याचे निम्मे २४,०००. पैसे दिल्या दिवसापासून दुरुस्तीही निम्मी. कुंपण तुमच्या हद्दीत आत घेतलेले असेल, तर मधली दीड फूट पट्टी तुमचीच राहील हे त्याच कागदावर लिहा. हे राहून गेले तर कुंपणालाच हद्द मानले जाते.

कागदावर काय लिहायचे?

५०० रुपयांच्या मुद्रांकावर, साध्या मराठीत, दोन साक्षीदारांसमोर. मसुदा असा चालेल:

‘आम्ही खाली सही करणारे, मौजे …… येथील गट क्र. …… व गट क्र. …… चे भोगवटादार, आमच्या सामाईक धुऱ्यावर …… फूट लांबीचे कुंपण दि. …… च्या मोजणीतील हद्दीच्या रेषेवर करीत आहोत. सामान सोबतच्या यादीप्रमाणे राहील. एकूण खर्चापैकी पहिला पक्ष …… रुपये व दुसरा पक्ष …… रुपये देईल. पैकी …… सामान आणण्यापूर्वी, बाकी काम संपल्यापासून …… दिवसांत. कुंपण दोघांच्या मालकीचे राहील. दुरुस्तीचा खर्च …… प्रमाणात राहील. ज्याच्या ट्रॅक्टरने, जनावराने किंवा आगीने नुकसान होईल, त्याची दुरुस्ती तो एकटा करील. जमीन विकताना विकणारा हा कागद घेणाऱ्याला दाखवील व त्याची संमती लिहून घेईल. या कुंपणामुळे कोणाच्याही हद्दीच्या हक्कात बदल होत नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. पुढे मोजणीत फरक निघाला तर तेच वाक्य दोघांनाही वाचवते.

सातबाऱ्यावर जितकी नावे तितक्या सह्या घ्या. बहिणींची नावे असतात आणि त्या परगावी असतात, म्हणून त्यांना वगळले जाते. हे चुकीचे आहे आणि धोक्याचेही. मालक नागपूर-पुण्याला असेल आणि भाऊ वावर वाहत (कसत) असेल, तर भावाच्या सहीवर भागवू नका. मोठ्या मालकाशी फोनवर बोलून त्याची सही मागवा.

पैसे यूपीआयने द्या आणि टिपणीत ‘धुऱ्याचे कुंपण, पहिला हप्ता’ असे लिहा. रोख दिले तर पावती घ्या, सख्ख्या चुलतभावाकडूनही.

वावर मक्त्याने किंवा बटईने दिले आहे. खर्च कोणाचा?

नवीन कुंपण मालकाचे, कारण ते जमिनीबरोबर राहते. हंगामातली किरकोळ दुरुस्ती, म्हणजे तार ताणणे, गाठी मारणे, गवत काढणे हे वाहणाऱ्याचे. मक्ते पाडव्याला ठरतात, तेव्हाच हे बोलून घ्या. सामाईक कुंपणाचा वर्षाचा हिशोबही पाडव्यालाच मिटवण्याची सवय चांगली: रब्बी निघालेली असते, हाती पैसा असतो आणि नवीन साल सुरू व्हायचे असते.

झटका मशीन दोघांत एक घेतली तर चालते का?

चालते, आणि परवडतेही. एका मशीनवर तीन-चार वावरेही घेता येतात. पण काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात.

सोलर झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा उच्च दाबाचा ठोका देते. ठोका जोराचा असतो, पण इतका अल्पकाळ की जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. मशीन भारतीय मानकाची, आयएस ३०२ मधील कुंपण यंत्रांच्या भागानुसार बनवलेली घ्या. गावात जोडून दिलेली मशीन घेऊ नका.

वाद होतो तो बहुतेक ‘मशीन चालत नाही’ यावर, आणि दहापैकी आठ वेळा मशीन ठीक असते. कारण एक तर तारेला गवत टेकलेले असते किंवा अर्थिंग कोरडे असते. जुलै-ऑगस्टमध्ये गवत दहा दिवसांत खालच्या तारेला लागते आणि सगळा झटका जमिनीत उतरतो. म्हणून कोणता भाग कोणी दर पंधरा दिवसांनी साफ करायचा ते फूट मोजून वाटून घ्या. अर्थिंगसाठी तीन सळया एकमेकींपासून दहा फुटांवर ठोका, त्याही जिथे ओल टिकते तिथे, पाटाच्या किंवा विहिरीच्या बाजूला. मुरमाड जागी मार्चनंतर पाणी घालावे लागते. तपासणीचे मीटर दोघांत एक असू द्या. कुंपणाच्या दूरच्या टोकाला ४,००० व्होल्टच्या खाली आकडा गेला की जाड कातडीचे डुक्कर जुमानत नाही.

दोन वावरांच्या सांध्यावर खटका बसवून घ्या. एकाच्या बाजूला तार तुटली तर तो भाग बंद करून दुसऱ्याचा चालू ठेवता येतो. बॅटरी कोणाच्या झोपडीत राहील आणि चोरीला गेली तर पैसे कसे भरायचे, हेही लिहा. आमची शिफारस: बॅटरी ज्याच्याकडे, त्याच्यावर गवत साफ करण्याचा भाग कमी ठेवा.

डुकरासाठी खालच्या दोन तारा जमिनीपासून ९ आणि १८ इंचांवर. पांदणीच्या बाजूने दर पन्नास फुटांवर सूचनेची पाटी लावा, लहान मुलांनाही कळेल अशी.

रात्रीपुरता थेट लाइनचा करंट तारेत सोडला तर?

कधीही नाही. शेजारी सोडत असेल तर सामाईक कुंपणातून त्याच दिवशी बाहेर पडा आणि वीज कंपनीला कळवा.

लाइनचा करंट झटका देऊन सोडत नाही, धरून ठेवतो. धुऱ्यावरून रात्री ओलिताला जाणारा माणूस, पहाटे शेण वेचणारी बाई, आपलाच बैल, कोणीही त्यात सापडते. वाघ, बिबटे यात मेले आहेत आणि माणसेही. आकडा टाकून वीज घेणे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली चोरी आहे. माणूस मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वन्यप्राणी मेला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली कारवाई होते. आणि कुंपण सामाईक असेल तर चौकशी दोघांचीही होते, करंट कोणी सोडला ते नंतर ठरते. कराराच्या कागदावर ‘कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडला जाणार नाही’ हे एक वाक्य घालायला विसरू नका.

धुऱ्यावरून बंडीवाट (बैलगाडीची वाट) जाते. कुंपणाने ती बंद करता येते का?

नाही. वहिवाटीची वाट असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार धुऱ्यावरून जाण्याचा हक्क ठरवून देतात, आणि मग कुंपण तोडावे लागते. आधीच फाटक ठेवा. बंडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला १२ फूट पुरते, हार्वेस्टर येत असेल तर १६ फूट. फाटकाचा खर्च वाट वापरणाऱ्या सगळ्यांत वाटावा, कुंपणाच्या हिशोबात मिसळू नये.

शेजारी ई-क्लास (सरकारी पडीक जमीन), जंगल किंवा नाला आहे. तिथला खर्च कोण देणार?

तो सगळा तुमचा. आपल्या हद्दीत कुंपण करा, ई-क्लासमध्ये एक फूटही सरकू नका. जंगलाला लागून असाल तर वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते. गाव योजनेत आहे का आणि अर्ज कधी घेतात, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. अनुदानाच्या कुंपणात धुरकऱ्याचा वाटा धरायचा असेल, तर अनुदान वजा जाता उरलेली रक्कमच वाटा.

नाल्यावरून मुख्य तार सरळ नेऊ नका. पुरात पऱ्हाट्या, काट्या, कचरा अडकतो आणि पाणी शंभर फूट कुंपण ओढून नेते. नाल्याच्या दोन्ही काठांवर टेक्याचे खांब देऊन कुंपण तिथे संपवा आणि मधला भाग हलक्या तारेचा, वेगळा टांगलेला ठेवा. पूर आला की तेवढाच तुटतो.

तारेऐवजी झाडांचे कुंपण केले तर खर्च वाचतो का?

पैसे वाचतात, वेळ जातो. करवंद, सागरगोटा, चिल्हार, घायपात, शेर हे आपल्याकडे तगतात. दोन-दोन फुटांवर दोन ओळी, पाऊस लागला की लगेच लावायच्या. पहिले दोन उन्हाळे पाणी दिले नाही तर जागोजाग खिंडारे पडतात आणि जनावराला एक खिंडार पुरते. दाट व्हायला तीन-चार वर्षे जातात. वाटणी करताना रोपे एकाची आणि पाणी दुसऱ्याचे, असे सहसा जमते. छाटणी प्रत्येकाने आपल्या बाजूची करावी.

धुऱ्यावरच्या सागाला किंवा कडुलिंबाला खिळे मारून तार बांधू नका. झाड वाढते तशी तार खोडात रुतते आणि पुढे ते लाकूड कापताना आरा तुटतो. साग तोडायचा झाला तर स्वतःच्या जमिनीतलाही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

काम कधी काढावे?

फेब्रुवारी-मार्च. हरभरा निघालेला असतो, जमिनीत थोडी ओल असते, खड्डे लवकर होतात, मजूर मिळतात. मोजणीचा अर्ज मात्र दिवाळीच्या आसपासच टाका. मे महिन्यात काळी जमीन दगडासारखी होते. जूनमध्ये घाईने रोवलेले खांब पहिल्या झडीतच हलतात.

कुंपण लवकर गंजते. तार खराब की आणखी काही?

उन्हाळ्यात धुरा जाळता का, ते आधी पाहा. पऱ्हाट्या आणि वाळलेले गवत तारेखाली रचून पेटवले की तारेवरचा जस्ताचा मुलामा जातो. पुढच्या पावसाळ्यात तीच खालची तार लालसर होते आणि दोन वर्षांत हाताने तुटते. पऱ्हाट्या कुंपणापासून लांब नेऊन बारीक करून मातीत मिसळा, नाहीतर गवत विळ्याने कापा. धुरा न जाळण्याची अटही कागदात घाला, कारण आग एक लावतो आणि तार दोघांची जाते.

ठरलेले पैसे शेजारी देतच नाही, किंवा तार तोडतो. पुढे काय?

दोन गावकऱ्यांसमोर एकदा मागणी करा. मग गावच्या तंटामुक्त समितीकडे अर्ज द्या. कागद असेल तर तिथेच बरेच वाद मिटतात. नाही मिटला तर वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी न्यायालय. तार तोडल्याची किंवा खांब पाडल्याची तक्रार पोलिसांत द्या. फोटो, बिले आणि करार सोबत न्या, दुरुस्तीच्या आधीचे फोटो काढायला विसरू नका. हद्दीचेच दगड हलवले असतील तर तहसीलदाराकडे वेगळी तक्रार करा. महसूल संहितेच्या कलम १४५ प्रमाणे त्याला दंड आहे.

बदला म्हणून त्याची गुरे आपल्या वावरात कोंडू नका आणि आपला अर्धा भाग उपटून नेऊ नका. शिरलेली गुरे कोंडवाड्यात पोहोचवा, पावती घ्या आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा कोतवाल आणि तलाठ्यांसमोर करून घ्या.